कलम आठ : दुःखाचा पुरावा सोबत जोडावा

दुःख कुणालाच चुकत नाही, असं सगळ्या धर्मांत सांगितलं आहे. पण ते घडतं त्याच आठवड्यात लेटरहेडवर लिहून घ्यावं, खाली गोल शिक्का मारून घ्यावा आणि तीन झेरॉक्स काढून ठेवाव्यात, हे कुठल्याच धर्मात सांगितलेलं नाही. धर्म स्थापन करणाऱ्यांच्या मुलींनी मेडिकलला अर्ज केले नसल्यामुळे ही त्रुटी राहून गेली असावी.

शैलेंद्र कारखानीसांच्या ती लक्षात आली २०१०च्या जूनमध्ये, शारजातल्या त्यांच्या एका बेडरूमच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी. त्यांची मुलगी ईशानी हिचा मेडिकल कॉलेजचा अर्ज समोर पसरला होता. कॉलेज अमिरातीतलंच. (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणाला तिथे अर्ज करायचा असेल.) अर्ज सव्वीस पानी होता, आणि त्यातली पहिली पंधरा पानं कारखानीसांनी एका बैठकीत भरली. सोळाव्या पानावर कलम सात आलं.

कलम सात असं होतं: अर्जदाराने कोणतीही परीक्षा पुन्हा दिली असल्यास दोन्ही खेपेचे गुण लिहावेत, लपवल्याचं उघडकीस आल्यास प्रवेश रद्द होईल, मग अर्जदार शेवटच्या वर्षाला का असेना. कलम आठ त्याच्या लगेच खाली: परीक्षा पुन्हा देण्याची वेळ ज्या परिस्थितीमुळे आली, ती परिस्थिती पुराव्यासह सिद्ध करावी, समिती तिचा सहानुभूतीने विचार करील. सहानुभूती शून्य ते दहा या मापात मिळणार होती. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, की सहापेक्षा कमी सहानुभूती मिळालेले अर्ज उघडले जाणार नाहीत. (न उघडता सहानुभूती कशी मोजणार, हे त्याहून बारीक अक्षरात असावं.)

पद्धत अत्यंत न्याय्य होती, हे मान्य केलं पाहिजे. आजवर माणसाच्या दुःखाकडे कुणीही बघावं आणि वाटेल तेवढं हळहळावं, असा बेशिस्त कारभार चालत आला होता. शेजारीण घळाघळा रडायची आणि सख्खा मामा जांभई द्यायचा. इथे आठ गुणांचं दुःख ते आठ गुणांचंच.

ईशानीचे केमिस्ट्रीचे गुण असे होते: मार्च २००९ मध्ये शंभरपैकी एक्केचाळीस, मार्च २०१० मध्ये शंभरपैकी शहाऐंशी. डॉक्टर व्हायचं हे तिने सहावीत ठरवलं होतं. तिनेच ठरवलं होतं, आईबापांनी नव्हे. हे मुद्दाम नमूद करायला हवं, कारण असं फारसं घडत नाही. आता हा एकच अर्ज उरला होता. भारतातल्या प्रवेशपरीक्षांच्या तारखा उलटून गेल्या होत्या, आणि बाकीच्या कॉलेजांची फी दिरहमांतून रुपयांत नेताना तिची आई अनुपमा दर वेळी मध्येच थांबायची. म्हणजे मुलीचं डॉक्टर होणं आठव्या कलमावर येऊन ठेपलं होतं.

परिस्थितीची काही टंचाई नव्हती. कारखानीसांकडे एकदम अस्सल परिस्थिती होती. अडचण एवढीच, की तिचा एकही कागद नव्हता. आणि तो होऊ नये म्हणून कारखानीसांनीच दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं.

त्याचं असं झालं. कारखानीस २००८पर्यंत दुबईतल्या एका कंपनीत सीनियर मॅनेजर होते. ही कंपनी समुद्रात भर घालून बेट तयार करणार होती, आणि मग त्या बेटाच्या मधोमध तळं खणणार होती. (तेव्हा हे कुणालाही विचित्र वाटलं नाही. तळ्याकाठचे फ्लॅट बेटाच्या आधीच विकले गेले होते.) मग जगात मंदी आली, बँकांनी हात वर केले आणि बेट होतं तिथेच, म्हणजे कागदावर, राहिलं. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी एचआरच्या जहांआरा मॅडमनी एकशेचाळीस जणांना एकेक करून आत बोलावलं. कारखानीसांचा नंबर अठ्ठ्याऐंशीवा. पत्र तयार होतं. त्यात 'टर्मिनेशन' हा शब्द होता.

दुसरा कुणी असता तर त्याने पगाराचं विचारलं असतं, नोटिशीचं विचारलं असतं. कारखानीसांनी शब्दाचं विचारलं. हा शब्द बदलता येईल का? चार लोकांत बरा दिसत नाही. जहांआरा मॅडम लखनौच्या, मुळातच अदबशीर. काय लिहू, असं त्यांनी विचारलं, आणि दोघांनी मिळून मसुदा केला: 'अधिक उज्ज्वल संधीसाठी स्वखुशीने राजीनामा.' त्यातलं 'अधिक' कारखानीसांनी आग्रहाने घालून घेतलं. स्वखुशीने जाणाऱ्याला नोटिशीचा पगार द्यावा लागत नाही, त्यामुळे कंपनीनेही ही विनंती मोठ्या मनाने मान्य केली. पुढच्याच महिन्यात जहांआरा मॅडमनी शेवटचं पत्र टाइप केलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

उज्ज्वल संधी मिळालेल्या माणसाने जे जे करायचं असतं ते कारखानीसांनी केलं. तेव्हा ते डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहत. तिथे पार्टी दिली, केक कापला. मंडळाच्या वार्तापत्रात 'आपले सभासद शैलेंद्र कारखानीस यांची गगनभरारी' असं छापून आलं. (मजकूर सभासदाने स्वतःच द्यायचा असतो.) मंडळ म्हणजे तिथल्या मराठी नोकरदारांचं मंडळ. गणपती, कोजागिरी, पाडवा मेळावा आणि एकमेकांच्या गाड्यांची मॉडेलं लक्षात ठेवणं, ही त्याची प्रमुख कार्यं. मंडळाच्या २००८च्या यादीत व्यवसायाच्या रकान्यात 'कन्सल्टंट' असं लिहिणारे सभासद चार होते. २००९च्या यादीत ते एक्कावन्न झाले. कोण कुणाला काय सल्ला देत होतं, हे यादीवरून कळत नाही. नोकरी गेलेल्यांची अधिकृत संख्या मात्र दोन्ही वर्षी शून्यच होती, आणि याबद्दल वार्षिक सभेत समाधान व्यक्त करण्यात आलं.

चार महिने कसेबसे निघाले, आणि मग घर सोडून शारजाला जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तिथे भाडी कमी. लोकांना कारण काय सांगायचं ते ठरलं होतं: शारजा ही सांस्कृतिक राजधानी आहे. प्रश्न उरला तो सामान हलवताना कुणी बघण्याचा. बिल्डिंगमध्ये अकरा मराठी कुटुंबं, आणि फ्रिज काही पिशवीतून नेता येत नाही. सुदैवाने मंडळाचा पाडवा मेळावा एका शुक्रवारी होता. त्या दिवशी अकराच्या अकरा कुटुंबं नटूनथटून हॉलवर जाणार, बिल्डिंग रिकामी. कारखानीसांनी तोच दिवस धरला. मेळाव्याला न येण्याचं कारण त्यांनी कळवलं: उद्या ईशानीचा केमिस्ट्रीचा पेपर आहे. त्या वर्षात त्यांनी लोकांना दिलेलं हे एकमेव खरं कारण.

सामान न्यायला भिकाजीचा पिकअप ठरवला होता. भिकाजी कुडाळकडचा, चाळिशीचा, दहा वर्षं इथे गाडी चालवणारा. खोकी चढवता चढवता त्याने सरळ विचारलं, की साहेबांची नोकरी गेली काय? कारखानीस 'हो' म्हणाले. खोटं बोलायचं तरी समोरच्याला काही किंमत द्यावी लागते, आणि पिकअपवाल्याला ती द्यायचं त्यांना सुचलंच नाही. देव आणि टीव्ही कारमध्ये, म्हणून ईशानी पिकअपमध्ये भिकाजीशेजारी बसली. रस्ता शारजाचा, वेळ शुक्रवार संध्याकाळची. तीन तास लागले. केमिस्ट्रीचं पुस्तक अनुपमाने गडबडीत 'इतर' असं लिहिलेल्या खोक्यात भरलं होतं, आणि ते खोकं फ्रिजच्या खाली होतं. ते उघडलं तेव्हा पेपर होऊन चार दिवस झाले होते.

एक्केचाळीस पडले. मंडळाला सांगण्यात आलं, की ईशानी एंट्रन्सच्या तयारीसाठी मुद्दाम एक वर्ष थांबते आहे. ईशानी वर्षभर तेच पुस्तक पुन्हा वाचत बसली, आणि कुणी आलं की आतल्या खोलीत जायची.

तर आता पुरावा. अनुपमा नीटनेटकी बाई. कागदन् कागद फाइलला लावलेला. तिने फाइल आणून टेबलावर ठेवली आणि दोघं ती पहिल्या पानापासून बघू लागली. राजीनाम्याचं पत्र, 'अधिक'सकट. गगनभरारीचं कात्रण. केकचे फोटो सहा, त्यांपैकी दोनांत कारखानीस हसताना. गणपतीच्या स्मरणिकेतली अर्ध्या पानाची जाहिरात, 'कारखानीस परिवारातर्फे हार्दिक शुभेच्छा'. मंदीची झळ बसलेल्या कुटुंबांना शाळेने फीमध्ये सवलत देऊ केली होती, तिला कारखानीसांनी पाठवलेलं उत्तर: 'आम्हाला कोणतीही झळ बसलेली नाही, सबब ही सवलत गरजूंना द्यावी.' आणि त्यांचं सध्याचं कार्ड. ते अजमानमधल्या एका कारखान्यासाठी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची मापं घेत. कार्डावर 'सीनियर कन्सल्टंट, फसाड सोल्युशन्स' असं होतं. (फसाड म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू.)

ही फाइल बघून कुठल्याही समितीचं एकमत झालं असतं, की २००९ हे कारखानीसांच्या भरभराटीचं वर्ष होतं. "म्हणजे असं दिसतंय," अनुपमा सावकाश म्हणाली, "की घरात सगळं छान होतं, आणि पोरगीच मठ्ठ आहे."

कारखानीसांना लाज वाटली. लाजेला ते दीड वर्ष घाबरत आले होते, पण ती प्रत्यक्षात कशी असते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तरीही माणूस एकदम खरं बोलायला लागत नाही. आधी तो टायपिंग सेंटरला जातो. रोल्ला भागात अशी सेंटरं ओळीने आहेत; व्हिसाचे अर्ज, भाड्याचे करार, जन्माचे दाखले, जे म्हणाल ते तिथे दोन भाषांत टाइप करून मिळतं. खैरुद्दीन हा त्यातला नाणावलेला माणूस. कलम आठ आल्यापासून त्याने धंद्याची नवी शाखा उघडली होती आणि भिंतीवर दरपत्रक लावलं होतं. वडिलांचं आजारपण, आईचं ऑपरेशन, घराला आग (लहान), घराला आग (मोठी), आजीचा मृत्यू. कारखानीसांनी चाचरत नोकरीचा विषय काढला, तेव्हा खैरुद्दीनने मान हलवली.

"नौकरी मत डालो, सर. बहुत कॉमन हो गया. कमिटी को रोना नहीं आता. दादी डालो. दादी सबकी चलती है."

आजी एकशेपंचाहत्तर दिरहमांना होती, म्हणजे बावीसशे रुपये, दाखला वेगळा. नमुना दाखवायला खैरुद्दीनने स्क्रीन वळवला आणि कारखानीसांना डाव्या बाजूची फायलींची यादी दिसली. यादी ओळखीची होती. मंडळाची कार्यकारिणी जवळजवळ पदांच्या क्रमाने तिथे हजर होती. खजिनदारांच्या घराला आग लागली होती (लहान). अध्यक्ष रिसबूड यांच्या नावाची फाइल होती 'रिसबूड-आजी-फायनल-दोन', आणि तीत अध्यक्षांच्या मातोश्री सगुणाबाई फेब्रुवारी २००९ मध्ये नातवाच्या, म्हणजे सुयशच्या, परीक्षेच्या तोंडावर प्रदीर्घ आजाराने निवर्तल्या होत्या. या सगुणाबाईंच्या हातचं थालीपीठ कारखानीसांनी मागच्याच शुक्रवारी खाल्लं होतं. त्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि तब्येत उत्तम होती.

घरी चर्चा झाली. आजी घालायची हे तत्त्वतः मान्य झालं. कुणाची, एवढाच मुद्दा राहिला. कारखानीसांनी अनुपमाच्या आईचं नाव सुचवलं. अनुपमाने शांतपणे सांगितलं, की आपली आई हार्टपेशंट आहे, तिच्या बाबतीत असं अभद्र नको. उलट सासूबाई रोज पर्वती चढतात, त्यांना काहीही होणार नाही. यावर अर्धा तास गेला. ईशानी समोर बसून ऐकत होती. दोन्ही आज्यांचे गुणदोष मांडून झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, द ट्रू वन इज सॅडर," ती म्हणाली. "अँड इट्स फ्री."

दीड वर्षात तिने या विषयावर उच्चारलेली ही पहिली दोन वाक्यं. कारखानीसांनी भिकाजीला फोन लावला.

कलम आठखाली नातेवाईक नसलेल्या माणसाचा जबाब चालत होता, शिक्का असला तर. भिकाजी शुक्रवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खैरुद्दीनकडे आला. डॉक्टरकीचं काम म्हटल्यावर त्याने सुट्टीचा दिवस दिला होता. काय लिहायचं ते आपण सांगतो, असं कारखानीस म्हणाले, तर त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतःच सांगितलं.

"चेडवाचा पुस्तक फ्रिजाखालच्या खोक्यात ऱ्हवला. तीन तास ट्रॅफिकात ता माझ्या बाजूक बसान होता. रडला नाय. रडला असता तर माका बरा वाटला असता. माका येवढाच ठावक आसा."

तीनशे लोकांची दुःखं टाइप केलेल्या खैरुद्दीनने 'चेडू' म्हणजे पोरगी इथपासून कारखानीसांकडून अर्थ समजून घेत हे इंग्रजीत केलं. त्यात त्याने स्वतःचं काही घातलं नाही, आणि त्याच्या मानाने हे फार मोठं होतं. शिक्क्याचा मात्र थोडा घोटाळा झाला. भिकाजीच्या ट्रान्सपोर्टचा एकच शिक्का होता, जो माल पोचवल्यावर मारतात. त्यामुळे जबाबाखाली ठसठशीत निळ्या अक्षरांत उमटलं: 'माल सुस्थितीत मिळाला. मोडतोड नाही.'

अर्ज दाखल करायच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये साठेक पालक होते, त्यांपैकी बावीस मंडळाचे. सगळे एकमेकांना बघून आश्चर्यचकित झाले, सहज आलो होतो म्हणाले, आणि आपापल्या फायली छातीशी धरून बसले. कारखानीसांच्या पाठीमागचा नंबर अध्यक्ष रिसबुडांचा. सोबत सुयश, आणि सुयशचं कॉलेज बघायचंच असा हट्ट धरून आलेल्या सगुणाबाई. मृत्यूचा दाखला रिसबुडांच्या हातातल्या फाइलमध्ये होता, आणि सगुणाबाई शेजारच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना खोबऱ्याच्या वड्या वाटत होत्या. कारखानीसांनीही एक घेतली.

नंबर पुकारला. कारखानीस आणि ईशानी खिडकीपाशी गेले. काचेपलीकडे जहांआरा मॅडम होत्या. नोकरी गेल्यावर आठ महिन्यांनी त्यांना इथे ॲडमिशनच्या ऑफिसात जागा मिळाली होती. दोघांनी एकमेकांना ओळखलं. मॅडमनी आधी भिकाजीचा जबाब वाचला, मग राजीनाम्याचं पत्र. (पालकाच्या नोकरीची सर्व पत्रं जोडणं सक्तीचं होतं.) स्वतः टाइप केलेल्या त्या पत्रावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. कारखानीसांना वाटलं, सुटलो. खरं काय ते हिला माहीतच आहे.

"मालूम है मुझे," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "लेकिन रूल है, कारखानीस साहब. जो मुझे मालूम है वो सबूत नहीं होता."

नियम असा होता, की दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील, तर पालकाने वस्तुस्थिती खिडकीशी उभं राहून, नोंद घेणाऱ्या कारकुनाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावी. कारकून हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसत असे. ही व्यवस्था कुणी लावली होती कोण जाणे, पण तो माणूस मराठी मंडळांत वावरलेला असणार.

कारखानीस काहीतरी पुटपुटले. मॅडम म्हणाल्या, "ज़ोर से, प्लीज़."

मागे मंडळाची एकवीस घरं बसली होती. यांच्यासाठी त्यांनी केक कापला होता, यांच्यासाठी फ्रिज लपवून नेला होता. एक शब्द बोलला, की दीड वर्षाची मेहनत पाण्यात. आणि नाही बोलला तर ईशानी शेजारीच उभी होती, हातातलं टोकन उलटसुलट करत. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बापाने आपल्यासाठी काही करावं, ही अपेक्षा तिने कधीच सोडून दिली होती, आणि ते तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. हे कारखानीसांना सहन झालं नाही.

"मेरे को निकाला था," ते म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. "नवंबर दो हज़ार आठ में. इस्तीफा झूठा है, मैंने ही बोलके लिखवाया. और घर बदलने का दिन भी मैंने चुना, लोग देखें नहीं इसलिए. दूसरे दिन इसका पेपर था. इसका कुछ गलती नहीं है."

खरं बोलल्यावर मोकळं वाटतं असं म्हणतात. कारखानीसांना तसं काहीही वाटलं नाही. त्यांनी खिडकीची कड धरली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला कारकुनाने नोंद घेतली. ईशानीने टोकन खिडकीत ठेवलं आणि बापाचा दंड घट्ट धरला. त्यांना उभं राहायला मदत व्हावी म्हणून तिने तो धरला असेल, किंवा दुसऱ्या कशासाठी. दोन्हीची त्यांना गरज होती.

तेवढ्यात मागून सगुणाबाईंचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे त्या नेहमीच मोठ्याने बोलत.

"अरे, तुझीही तेव्हाच गेली ना रे?" त्या मुलाला म्हणाल्या. "मला फोनवर म्हणालास ना, आई, कुणाला सांगू नकोस म्हणून? मी नाही हो सांगितलं कुणाला."

अध्यक्ष रिसबूड उठून खिडकीपाशी आले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. जहांआरा मॅडमनी त्यांची फाइल उघडली. दाखला वाचला. मान उंच करून, मागे खोबऱ्याची वडी चघळणाऱ्या सगुणाबाईंना बघितलं, पुन्हा दाखला बघितला, आणि रिसबुडांना म्हणाल्या, "ज़ोर से, प्लीज़."

त्या दिवशी मंडळाच्या बावीसांपैकी एकोणीस सभासदांनी वस्तुस्थिती सांगितली. दोन आज्या, तीन ऑपरेशनं आणि एक आग (लहान) मागे घेण्यात आली. एकाच दिवशी एकच दुःख इतकं आल्यामुळे सहानुभूतीचा भाव गडगडला: कारखानीसांना आठ मिळाले, रिसबुडांना साडेसात, आणि एकोणिसाव्या सभासदापर्यंत तो साडेपाचवर आला. ज्यांना साडेपाच मिळाले त्यांचं म्हणणं असं पडलं, की खरं बोलायचंच होतं तर कारखानीसांनी आधी सर्वांना कल्पना द्यायला हवी होती. सगळ्यांनीच सकाळी लवकर येऊन नंबर लावला असता. सुयशला प्रवेश मिळाला. ईशानीला मिळाला. पत्र आलं त्या दिवशी तिने ते पहिल्यांदा भिकाजीला फोनवरून वाचून दाखवलं, इंग्रजीत, आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

सप्टेंबरात मंडळाचा गुणगौरव समारंभ झाला. परिचयाचा मजकूर पालकांकडून मागवला होता. कारखानीसांनी सगळं लिहून दिलं: आधी एक्केचाळीस, मग शहाऐंशी, मधल्या काळात आपली नोकरी नव्हती. स्मरणिकेत छापून आलं ते असं: 'कु. ईशानी कारखानीस, केमिस्ट्रीत शहाऐंशी.' खाली संपादकांची टीप होती, की जागेअभावी काही मजकूर गाळला आहे. त्याच पानावर अर्धी जागा कोरी होती. व्यासपीठावर ईशानीला नारळ आणि पुष्पगुच्छ मिळाला, टाळ्या वाजल्या. खरं काय ते हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ते कुणी बोललं नाही, याबद्दल सगळ्यांनाच बरं वाटलं.

ही गोष्ट तुम्हाला आवडली असेल, तर घरात दहावी-बारावीला असलेल्या मुलाला किंवा मुलीला अवश्य वाचून दाखवा. खरं बोलावं असा तिचा बोध आहे, आणि बोध हा मुलांनीच घ्यायचा असतो. फक्त वाचून झाल्यावर ते पोर मान वर करून विचारील, की तुम्हाला तेव्हा किती मार्क होते? प्रश्न वाचताक्षणी तुमच्या मनात एक आकडा तयार झाला आहे. तुम्ही तो इतकी वर्षं सांगत आला आहात, की आता तो तुम्हालाही खरा वाटतो. पण त्याच्या आधी, क्षणभर, दुसराच एक आकडा येऊन गेला. तो सांगा.